छपराची गाडी, उघडी गाडी

कल्याण स्टेशनाजवळ रतनशेटांचा गाडीतळ होता आणि त्या तळावर एक रीत होती. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरून मुरबाडचा रस्ता चालू झाला, की नव्या गाडीवानाला दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दोन्ही तऱ्हेच्या गाड्या हाकून बघण्याची मुभा असे. पाडव्याच्या सकाळी मात्र त्याने एका गाडीच्या जुवावर नारळ फोडायचा. ज्या जुवावर नारळ फुटला ती गाडी पुढच्या पावसापर्यंत त्याची. मध्येच त्याने बदलून मागायची नाही आणि शेटांनीही बदलून द्यायची नाही. माणसाला आणि बैलांना एकमेकांची सवय व्हायला तेवढा काळ लागतोच, असे त्यामागचे कारण सांगत.

मुरबाडच्या रानातले सागाचे ओंडके रेल्वेपर्यंत आणायचे ते उघड्या गाडीतून. सपाट फळ्या, चार कोपऱ्यांना चार खुंट, आणि बाकी सगळी मदार दोरीवर. ओंडके रचणे, आवळणे आणि वाटेत पुन्हा पुन्हा बघणे हे गाडीवानाचेच काम. छपराच्या गाडीची तऱ्हा वेगळी होती. तिच्यावर बांबूच्या तट्ट्यांचे छप्पर, पुढून आणि मागून ताडपत्री आवळलेली, आणि ताडपत्रीच्या गाठींवर व्यापाऱ्याची लाखेची मोहर. आत कापड असो, साखर असो, गाडीवानाने माल भरायचा नाही, उतरवायचा नाही, बघायचाही नाही. मोहर शाबूत पोहोचवली की तो मोकळा. उघड्या गाडीवाले छपराच्या गाडीवाल्यांना ‘नवरी निघाली सासरला’ म्हणून चिडवत. तरीही ज्यांच्या घरी पोरेबाळे होती, ते बहुतेक छपराचीच गाडी मागत.

कोपरच्या परशुरामने या दोन गाड्यांतली कोणती घ्यावी, याविषयी त्याच्या आईला काहीच संशय नव्हता. बारा वर्षांचा असताना त्याने आपल्या बापाला घरी आणलेले पाहिले होते. हिराजी, त्याचा बाप, मिठाचे मचवे सोडून रतनशेटांच्याच तळावर उघडी गाडी हाकायला लागला होता. पहिल्याच हंगामात रायत्याच्या उतरणीवर वरचा ओंडका पुढे सरकला आणि हिराजी त्याच्या आणि दांडीच्या मध्ये सापडला. त्याला आणणाऱ्या माणसांनी चादर छातीपर्यंतच का ओढली आहे आणि वरून गवत का घातले आहे, हे परशुरामला तेव्हा कळले नव्हते. पुढे कळले, की त्यावर चादरीने झाकण्यासारखे काही उरले नव्हते. त्यानंतर कुठेही लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला, की तो हातातले काम टाकून बाजूला होई. होळीची लाकडे रचतानासुद्धा तो लांब उभा राही.

यंदाच्या पावसात खाडीचा बांध फुटून मिठागरात पाणी शिरले, आगरातले काम थांबले, आणि बापाला जिथे जावे लागले होते तिथेच परशुरामला जावे लागले.

निघताना तुळसा, त्याची आई, दारात वाट अडवून उभी राहिली.

“छपराचीच गारी घे. मना दुसरा काय नको.”

“आय, पाडवा अजून लांब हाय.”

“लांब हाय म्हनूनच आता सांगतंय. त्या लाकडांच्या गारीला हात लावू नको. तुजा बापूस बी असाच बोलायचा, बघू म्हनून.”

परशुरामला वाद घालायचाच नव्हता. तिच्या मनात जे होते तेच त्याच्याही मनात होते. फरक एवढाच, की ती ते बोलू शकत होती.

तळावर त्याला धोंडीबाच्या हाताखाली दिले होते. धोंडीबा घाटावरचा, जुन्नरकडचा. डोक्याला भले मोठे पागोटे, दात तंबाखूने काळे, आणि बैलांशी तो माणसांपेक्षा अधिक बोले. हिराजीला त्याने पाहिले होते. पण त्याविषयी तो आपण होऊन काही बोलला नाही आणि परशुरामनेही विचारले नाही. धोंडीबा स्वतः उघडी गाडी हाकायचा.

“आवळलेलं लाकूड मुकं असतं, गड्या,” पहिल्याच दिवशी त्याने सांगितले. “ते बोलाया लागलं की आपण खाली उतरायचं. एवढंच काय ते.”

“आनि उतरायच्या आधीच खाली आलं तर, मामा?”

“मग तुला उतरायची गरज न्हाई.”

बाकीचे गाडीवान हसले. परशुरामही हसला, पण त्याच्या हातातला कासरा ओला झाला होता.

दिवाळीला थोडे दिवस उरले असताना त्याला पहिल्यांदा एकट्याने छपराची गाडी मिळाली. मुरबाडला एका ठेकेदाराचे काम चालले होते, तिथे माल पोहोचवायचा होता. कारकुनाने पुढच्या आणि मागच्या गाठींवरची मोहर त्याला बोटाने दाखवली.

“ही मोडली तर कुणाचं ऐकणार नाहीत. दगडूचं ठाऊक आहे ना?”

ठाऊक नसणारा तळावर कोणी नव्हता. दगडू नावाच्या गाडीवानाने अवकाळी पावसात भिजू नये म्हणून ताडपत्री उघडून आत अंग चोरले होते. पुढे मालात कापडाचे काही तागे कमी भरले. दगडूने ते घेतले होते की नव्हते, हे कोणालाच सांगता येईना; मोहर मोडलेली होती एवढे मात्र सर्वांना दिसत होते. तो अजून ठाण्याच्या तुरुंगात होता.

“आत काय हाय?” परशुरामने विचारले.

“तुला काय करायचंय? तुला बैल दिसतात ना पुढं?”

धोंडीबा त्याच वाटेने लाकडे आणायला रिकामी गाडी घेऊन निघाला होता. शहाड मागे पडले, कांबा मागे पडले. ऊन कोवळे होते. परशुराम मागे टेकून बसला आणि त्याला वाटले, आईचे म्हणणे खरेच आहे. आवळायला दोरी नाही, मागे वळून बघायला ओंडके नाहीत. मागे नुसता अंधार होता, आणि तो बंद होता. आपण या गाडीच्या जुवावर नारळ फोडू, आई निवांत झोपेल, आणि लोक नवरी म्हणाले तर म्हणोत.

रायत्याला उल्हास नदी उतरून जायची होती. पाणी अजून पुरते ओसरले नव्हते. मधोमध आल्यावर प्रवाह चाकांच्या तुंब्यांवरून गेला आणि गाडीच्या फळ्यांना लागला. बैलांनी माना वर करून गाडी ओढून काढली. पलीकडचा चढ सुरू झाला. हीच ती उतरण. जाताना ती चढण असे. वर, वळणापाशी, हिराजी गेला त्या जागी, गाडीवानांनी एका दगडाला शेंदूर लावला होता. परशुरामने तिकडे पाहायचे नाही असे ठरवले होते आणि तो तिकडेच पाहत होता. त्यामुळे पाठीला ऊब लागते आहे हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आले.

आधी त्याला वाटले, ऊन आहे. पण ऊन समोरून येत होते. त्याने ताडपत्रीला तळवा लावला आणि झटकन मागे घेतला. आतून बारीक कुजबुज ऐकू येत होती, भांड्यात पाणी उकळू लागले की होते तशी. छपराच्या तट्ट्यांमधून पांढरी वाफ निघत होती.

बैल थांबवले, इतके त्याने केले. पुढे काय करावे ते त्याला सुचेना. गाठ सोडली तर मोहर मोडणार. मोहर मोडली तर ठाण्याचा तुरुंग. नाही सोडली तर आत जे काही आहे ते तापत राहणार. त्याने गाठीला हात घातला, काढला, पुन्हा घातला. लाख मऊ पडून त्याच्या बोटाला चिकटू लागली होती, आणि आपण मोडली नाही तरी ही आपल्याच हाताने मोडली असे दिसेल, या विचाराने त्याने बोटे धोतराला पुसली. वाफेत आता धुराचा वास मिसळला. आग म्हटल्यावर कोणीही करील तेच त्याने केले. बैलांसाठी भरून घेतलेला पाण्याचा घडा उचलला आणि ताडपत्रीच्या फटीतून आत ओतला.

आतून एकदम फुस्स करून आवाज आला आणि वाफेचा लोट त्याच्या हातावर आला. त्या क्षणी त्याला वास ओळखू आला. पानाला लावायच्या चुन्याचा वास.

“बैलं सोड,” मागून धोंडीबा ओरडत आला. “शिवळा काढ आधी. पाणी नको घालू, मुडद्या, कळीचा चुना हाय त्यो.”

जुवाच्या त्या खुंट्या काढताना परशुरामला आपल्या बोटांचे भान नव्हते. धोंडीबाने एका हाताने बैल बाजूला ओढले आणि दुसऱ्या हाताने परशुरामला. पोती फुगून फाटली. खाली पसरलेला पेंढा पेटला, मग तट्ट्या पेटल्या, आणि छप्पर जळताना फुटणाऱ्या बांबूंचा आवाज नदीच्या पलीकडेपर्यंत ऐकू गेला. दोघेही शेंदूर लावलेल्या दगडापाशी उभे राहून बघत राहिले. डोळ्यांत चुना जाऊ नये म्हणून धोंडीबाने पागोट्याचा पदर तोंडावर ओढला होता.

जाळ बसल्यावर त्याने, जिथवर जाळ पोहोचला नव्हता ती मागची गाठ विळ्याने कापून काढली. तिच्यावरची मोहर जशीच्या तशी होती.

“ही जपून ठेव,” तो म्हणाला. “तुझ्यापेक्षा हिला किंमत हाय.”

परशुरामच्या उजव्या मनगटावर भाजले होते. धोंडीबाने तेल लावून वर फडके गुंडाळले. जळक्या गाडीचे बैल आपल्या गाडीच्या मागे बांधून दोघे मुरबाडला गेले. वाटेत परशुराम एकदाच बोलला.

“मामा, मी गाठ सोडली असती तर?”

“तर गाडी वाचली असती.”

“आनि मी?”

धोंडीबाने बैलांना हाक घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीत ओंडके गाडीवर चढले. परशुरामला ते पाहवत नव्हते; पण आपण निदान बांधायला तरी मदत करावी, असे त्याला वाटले. काल ज्याने आपल्याला ओढून बाहेर काढले, त्याच्या गाडीपाशी हात बांधून उभे राहणे बरे नव्हते. धोंडीबाने ओंडके कसे रचायचे ते दाखवले, वर आडवी दोरी टाकून दिली आणि म्हणाला, “मचव्यावरचा हात हाय ना? बांध मग. मी जुंपतो.”

दोरी बांधणे हे परशुरामला खरोखरच येत होते. मिठाच्या गोण्या मचव्यावर चढल्या की तो आणि त्याची आई मिळून त्या बांधत. त्याने दोरीचे भेंडोळे वखारीच्या हौदात बुडवले, पिळून काढले, आणि पाय ओंडक्याला रेटून सगळ्या अंगाने आवळले. ओल्या दोरीची गाठ सुटत नाही, हे त्याला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होते. बैल जुंपून धोंडीबा आला आणि त्याने दोरीखाली बोट घालून पाहिले. बोट जाईना. ओंडके दवाने ओलेच होते, म्हणून दोरीच्या ओलीचे त्याला काही वाटले नाही.

“वा,” तो म्हणाला. “आता हाक तूच. पाडव्याच्या आधी उघडी पण बघायला पायजे तुला. मी मागनं चालतो, चाकाला दगड लावाया.”

परशुराम पुढे बसला. पाठीमागे आता अंधार नव्हता. मानेपासून हातभर अंतरावर ओंडक्यांची कापलेली, गोल तोंडे होती, आणि त्यांचा ओला वास येत होता. दर दहा पावलांनी तो मागे वळून बघे. ओंडके गप्प होते. गोवेली मागे पडली तेव्हा ऊन चांगलेच तापले होते, आणि तो आता दहाऐवजी वीस पावलांनी मागे बघत होता. आपण बांधले आहे, मामांनी पाहिले आहे, असे त्याने मनाशी म्हटले.

रायत्याच्या उतरणीच्या माथ्यावर बैलांनी पाय रोवले आणि गाडी पुढे कलली. तेवढ्यात त्याच्या मानेमागे एक आवाज झाला. टक.

मोठा नव्हता. दारावर कोणी बोटाने ठोकावे तेवढा. पुन्हा झाला. टक.

बापाने ऐकला तो हाच आवाज का, की बापाला ऐकूच आला नव्हता? त्याने न वळताच डावा हात मागे नेला आणि दोरी चाचपली. दोरी कोरडी होती. सकाळी जिच्याखाली बोट जात नव्हते, तिच्याखाली त्याचा सगळा पंजा गेला आणि वर मनगटही गेले.

त्याने दोन्ही हातांनी कासरा ओढून बैल डावीकडे, दरडीच्या अंगाला वळवले आणि त्याच झटक्यात उजवीकडे उडी टाकली. “मामा, दगड,” एवढेच त्याच्या तोंडून निघाले. धोंडीबाने चाकाखाली दगड सरकवला. गाडी दरडीला टेकून करकरली आणि थांबली. वरचा ओंडका मात्र थांबला नाही. तो अगदी सावकाश, जणू काही घाई नसल्यासारखा, पुढे आला आणि परशुराम जिथे बसला होता त्या फळीवर येऊन, तिच्याही पुढे हातभर जाऊन थांबला. बैल फुरफुरले. फळीवर परशुरामची घोंगडी होती. ती ओंडक्याखाली होती.

परशुराम रस्त्यातच बसला होता.

“सकाळी तर गाठ चांगली व्हती,” धोंडीबा म्हणाला. तो दोरी हातात घेऊन बघत होता. “गाठ अजून तशीच हाय. दोरीच लांबली. भिजवली व्हतीस?”

“भिजवायचीच असते ना? मचव्यावर तसंच करतात.”

“मचव्यावर दोरी वाळतीया कवा? भिजली की आखडती, वाळली की लांबती.”

खाडीच्या वाऱ्यात, मिठाच्या ओलीत, भरतीच्या तुषारांत दोरी वाळलेली परशुरामने आयुष्यात पाहिली नव्हती. तिथे ती सदाच ओली असे आणि सदाच ताठ असे.

धोंडीबाने शेंदूर लावलेल्या दगडाकडे एकदा पाहिले.

“तुझा बा पण भिजवायचा,” तो म्हणाला. “घरनं तांब्या भरून आणायचा आणि निघायच्या आधी दोरीवर ओतायचा. दर खेपेला. आम्हा घाटावरच्यांना वाटायचं, तुमच्या खाडीच्या देवाचा काही नेम असंल. देवाच्या कामात कोण बोलणार?”

त्याने हे सहज सांगितले होते. परशुरामला मात्र तो तांब्या दिसला. पितळेचा, काठाला चेपलेला. अजून त्यांच्या घरात होता. आणि दर खेपेच्या पहाटे तो खाडीवरून भरून आणून नवऱ्याच्या हातात देणारी कोण होती, हेही त्याला ठाऊक होते.

आजवर त्याला लाकडाची भीती वाटत होती. आता त्याला घरी जायची भीती वाटू लागली.

त्यांनी ओंडका मागे घेतला, ओंडक्यांवर कोरडी दोरी आवळली आणि संध्याकाळपर्यंत कल्याण गाठले. रतनशेट गादीवर बसले होते. त्यांनी मोहर लावलेली गाठ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली.

“मोहर शाबूत आहे. तुझ्यावर काही नाही. हात बरा आहे ना?”

“बरा हाय. शेट, आत चुना हाय असं कोन बोललं असतं, तर मी पानी ओसरंपर्यंत थांबलो असतो.”

“अरे भाई, मला तरी कोणी सांगितलं?” शेटांच्या आवाजात राग नव्हता. “देणाऱ्याने बांधून दिलं, मी भाडं ठरवलं. छपराच्या गाडीवानाने विचारायचं नाही, म्हणूनच तर त्याला कोणी धरत नाही. तू आत पाहिलं असतंस तर आज तुला जाब द्यावा लागला असता. नवं छप्पर चढवतोय त्या गाडीवर. पाडव्याला तुझीच. तुझ्या आईला बोलून गेलोय मी तेव्हा, हिराजीच्या वेळी. तिच्या मुलाला लाकडावर बसवणार नाही म्हणून.”

शेटांचे हे बोलणे मनापासूनचे होते, आणि परशुरामला ते कळत होते. तरी पाठीला लागलेली ती ऊब आणि बंद ताडपत्रीआडची ती कुजबुज त्याला पुन्हा आठवली. पुढच्या पावसापर्यंत रोज आपण तशा अंधाराला पाठ लावून बसायचे आणि आत काय आहे ते विचारायचे नाही. तो उठला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो कोपरला होता. त्याने कल्याणहून अंबाडीच्या दोरीचा एक तुकडा आणला होता. आपण पाहिले ते खरेच का, हे त्याला आपल्या डोळ्यांनी पुन्हा पाहायचे होते. सकाळी त्याने तो तुकडा भिजवून अंगणातल्या मेढीला आवळून बांधला आणि उन्हात सोडून दिला. तुळसा चिंबोऱ्या साफ करत होती.

“काय बांधलंस तिथं?”

“काय नाय. दोरी बघतंय.”

“दोरी काय बघायची? मीठ बघ, पानी बघ. पाडव्याला छपराची घेतंस ना?”

तो खाडीकडे निघून गेला. फुटलेल्या बांधावर बसून त्याने वाक्ये जुळवली. आय, तुझी चूक नाही. आय, कोणालाच माहीत नव्हते. प्रत्येक वाक्य जुळले की त्याला वाटे, हे बोलण्यापेक्षा न बोललेले बरे. छपराची गाडी घेतली, की कधीच काही बोलावे लागणार नाही. ती निवांत झोपेल. तांब्या आपल्या जागी राहील.

दुपार कलल्यावर तो परत आला, तेव्हा तुळसा मेढीपाशी उभी होती. तिने दोरीखालून हात घातला होता. पंजा पुरता आत गेला होता आणि ती तो काढत नव्हती.

“सैल झाली,” ती म्हणाली.

“उनात वाळली, आय.”

“सकाली तर तू पाय लावून खेचलेलीस. मी बघितलं.”

“व्हय.”

ती दोरीवरून बोटे फिरवत राहिली. वयाच्या आठव्या वर्षापासून तिने दोऱ्या बांधल्या होत्या, हजारो. वाळलेली दोरी कशी होते, हे तिच्या हातांना आज पहिल्यांदा कळत होते. परशुराम तिच्या तोंडाकडे पाहू शकला नाही. तो तिच्या हातांकडेच पाहत राहिला.

“पानी मीच भरून द्यायचे,” ती म्हणाली. “तो बोलायचा, रस्त्याला विहिरी हायती. मी बोलायचे, खाडीचंच पाहिजे.”

“आय...”

“तुला कंदी समजलं?”

“रायत्याला. ओंडका माझ्या पाठीवर येता येता राहिला.”

तिने हात काढून घेतला. भाजलेल्या मनगटाचे फडके तिने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिले आणि विचारले, “आनि ह्या काय?” मग त्याने चुन्याचे सगळे सांगितले. मोहर, ठाण्याचा तुरुंग, आतला आवाज, आपण ओतलेले पाणी. सांगताना त्याच्या लक्षात आले, की दोन्ही वेळा आपल्या हातून पाणीच घातले गेले होते. फरक एवढाच होता, की एकदा काय चुकले ते नंतर हाताने चाचपून बघता आले होते.

“मना दोनी गाऱ्यांची भीती वाटते, आय. खोटं नाय बोलत. पन लाकडाच्या गारीत मना हात घालून बघता येतं. दुसरीत नाय येत.”

संध्याकाळी तुळसाने मेढीची दोरी सोडली, गुंडाळली आणि चुलीवरच्या शिंक्यात ठेवली. तांब्या मात्र तिने जिथे होता तिथून उचलून आत, डाळीच्या मडक्यामागे सारला.

पाडव्याच्या सकाळी तळावर झेंडूच्या माळा होत्या. नव्या छपराची गाडी बांबूच्या ताज्या पिवळ्या रंगात पुढे उभी केली होती. धोंडीबाच्या शेजारी एक उघडी गाडी होती, तिच्यावर हंगामाची नवी दोरी गुंडाळून ठेवलेली. तुळसा कोपरहून मुलाबरोबर चालत आली होती. हिराजी गेल्यापासून ती या तळावर कधी आली नव्हती. गाडीवान आपोआप बाजूला झाले.

परशुराम नारळ घेऊन दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभा राहिला. रतनशेटांनी छपराच्या गाडीकडे बोट केले. परशुरामने एकदा आईकडे पाहिले. तिने मान हलवली नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही. तो वळला आणि त्याने उघड्या गाडीच्या जुवावर नारळ आपटला.

पहिल्या घावाला फुटला नाही. दुसऱ्याला फुटला, आणि पाणी जुवावरून उडून मागे, दोरीच्या भेंडोळ्यावर सांडले.

“नवरी नको म्हणाली रे,” कोणी तरी मागून म्हणाले, पण कोणी हसले नाही. तुळसा पुढे झाली होती. तिने दोरीचे भेंडोळे उचलले, खाली बसून मांडीवर घेतले, पदराचा शेव हातात धरला, आणि जिथे जिथे पाणी लागले होते तिथे तिथे एकेक वेढा उलगडून पुसू लागली. रतनशेट काही बोलायला गेले, तेव्हा धोंडीबाने त्यांच्या दंडाला हात लावला.

परशुराम बैलांच्या पुढ्यात उभा होता. गाडी अजून रिकामी होती, तरी त्याचे कान मागेच लागलेले होते. सगळे वेढे पुसून झाल्यावर तुळसाने दोरी त्याच्याकडे दिली.

“बघ,” ती म्हणाली.

त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी बोटांतून सरकवली. शेवटाकडे एके ठिकाणी थोडी ओल राहिली होती. त्याने ती तिला दाखवली, आणि तिने पुन्हा पदर घेतला.